न गाळता ऐकलेला पॉयरो

अगाथा ख्रिस्तीच्या हर्क्युल पॉयरो या गुप्तहेराच्या मालिकेतल्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीचं ऑडिओबुक आज फोनवर दोन मिनिटांत उतरवून घेता येतं. ह्यू फ्रेझर या नटाने ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आहे, मधलं काहीही न गाळता. रहस्यकथा अशी अखंड ऐकायला मिळणं आता आपण गृहीत धरतो. पण ही रीत पाडली ती डोळे गमावलेल्या वाचकांनी, आणि ब्रिटनमधली तिची सुरुवात नेमकी याच कादंबरीपाशी जाऊन पोचते.

पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी लंडनमध्ये १९१५ साली ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था उभी राहिली. १९१६ साली सोमच्या लढाईत दृष्टी गेलेले इयन फ्रेझर पुढे तिचे प्रमुख झाले. ऐन तारुण्यात आंधळेपण आलेल्या माणसाला ब्रेल शिकणं फार जड जातं. बोटांना ते वळणच नसतं. मग अशांनी वाचायचं कसं? ग्रामोफोन होता, पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांचाच मजकूर मावे. त्या हिशेबाने एका कादंबरीला शंभराच्या आसपास बाजू लागल्या असत्या. तोडगा निघाला तो तबकडी संथ फिरवून आणि तिच्यावरच्या खाचा अधिक बारीक, अधिक जवळ कोरून. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी २४ फेऱ्या ठरल्या, आणि एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचं वाचन बसू लागलं. साधारण आकाराची कादंबरी दहाएक तबकड्यांत मावू लागली.

नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड आणि सेंट डन्स्टन्स यांची ही ‘बोलकी पुस्तकं’ नोव्हेंबर १९३५ मध्ये वाचकांच्या घरी जाऊ लागली. पहिल्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडची ‘टायफून’ होती आणि तिच्या जोडीला ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’. एक मान्यवर साहित्यिकाची, दुसरी जेमतेम नऊ वर्षांपूर्वी आलेली लोकप्रिय रहस्यकथा. मला ही जोडी फार मोलाची वाटते. अंध वाचकाला संस्कारक्षम, उपदेशपर असंच काही देऊ केलं जातं, हा अनुभव जुना आहे. इथे मात्र शेजारचा डोळस माणूस जे आवडीने वाचत होता, तेच त्याच्याही हाती पडलं.

ही कादंबरी कानांसाठी अवघडही आहे. पॉयरो १९२० पासून वाचकांना माहीत होता. त्याच्या कथा सांगणारा सहसा त्याचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज. या वेळी हेस्टिंग्ज लग्न करून अर्जेंटिनाला गेलेला, म्हणून किंग्ज अ‍ॅबट या खेड्यातला डॉक्टर शेपर्ड ही हकीकत सांगतो. उत्तराची किल्ली अगदी साध्या दिसणाऱ्या वाक्यांत दडवलेली आहे. पुस्तक वाचणारा मागची पानं उलटून ती शोधतो. ऐकणाऱ्याला ते तितकं सोपं नसतं. त्यामुळे वाचणाऱ्याने एखाद्या शब्दावर नको तितका जोर दिला तर रहस्य फुटतं, आणि वाक्य गाळलं तर लेखिकेने वाचकाशी केलेला करारच मोडतो. गोष्टीत आवाज साठवणारं एक यंत्रही येतं. ध्वनिमुद्रित पुस्तकात तेच यंत्र भेटावं हा विलक्षण योग आहे; त्याचं काम काय, हे ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी इथे सांगत नाही.

पुढे कॅसेट आली आणि डोळस ग्राहकांचा बाजार तयार झाला. तिथे मात्र बऱ्याच कादंबऱ्या दोन कॅसेटींत, तीनेक तासांत कोंबल्या जात. चरित्राला अशी काटछाट एक वेळ चालते, पण रहस्यकथेत गाळलेला परिच्छेद हाच पुरावा असू शकतो. अंधांच्या ग्रंथालयांनी या सगळ्या काळात अख्खं पुस्तक वाचण्याची रीत सोडली नाही. डिजिटल फाइल आल्यावर लांबीचा खर्च उरला नाही आणि बाजारही त्याच वाटेवर आला. दूरचित्रवाणीवर डेव्हिड सुशेच्या पॉयरोसोबत हेस्टिंग्ज रंगवलेला ह्यू फ्रेझरच आज शेपर्डचं निवेदन वाचतो, ही निवड मला चपखल वाटते.

प्रश्न परवानगीचाही होता. १९३५ च्या त्या तबकड्या फक्त अंध वाचकांसाठी होत्या, विक्रीसाठी नव्हत्या. पुस्तक ऐकण्याजोगं करायला दर वेळी हक्कधारकाची संमती मागावी लागू नये, यासाठी २०१३ साली माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत ठरला. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात तशी तरतूद २०१२ मध्येच झाली होती. म्हणून मराठीतली एखादी लांबलचक रहस्यमालिका अंध वाचकांसाठी पहिल्या भागापासून अखेरपर्यंत वाचून ध्वनिमुद्रित करायची झाली, तर आता कायदा आड येत नाही. वाचणारे आवाज मात्र हवेत.