नावाचं कलम, गाडीचं खोड

एखादी सेडान बंद होऊन तिच्या जागी वेगळ्या नावाची गाडी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "जुन्या गाडीत काहीतरी खोट असणार, नाहीतर नाव कशाला बदलतील?" परवा माझा मावसभाऊ हेच अगदी ठामपणे सांगत होता. याच्या अगदी उलटं वाक्यही तितकंच चालतं. "अहो, तीच गाडी आहे, वीस वर्षं चाललेली, डोळे झाकून घ्या." दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: नाव म्हणजेच गाडी. ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे याची गोष्ट मला गाड्यांच्या वेगापेक्षाही जास्त आवडते.

फोर्डची टॉरस १९९२ ते १९९६ अशी सलग पाच वर्षं अमेरिकेत सर्वाधिक खपणारी कार होती. पुढे कंपनीने गाड्यांची नावं 'एफ' या अक्षराने सुरू करायचं धोरण धरलं. फोकस, फ्यूजन, फ्रीस्टाइल ही त्यातली नावं. मोठ्या सेडानचं नाव ठरलं फाइव्ह हंड्रेड. टॉरसचं उत्पादन २००६ मध्ये थांबलं. त्याच वर्षी बोइंगमधून ॲलन मुलाली फोर्डचे प्रमुख म्हणून आले आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव आपण का टाकून दिलं, असं त्यांनी विचारलं. मग २००८च्या मॉडेलपासून फाइव्ह हंड्रेडलाच टॉरस म्हणू लागले. पुढची जाळी बदलली, इंजिन मोठं बसवलं. पण खालचा सांगाडा फाइव्ह हंड्रेडचाच राहिला, आणि तो सांगाडा व्होल्वोच्या प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे गाडीच्या पायाभूत बांधणीवरून, घेतलेला होता. जुन्या टॉरसशी त्याचा काही संबंध नव्हता.

फोक्सवॅगनच्या जेट्टाचं नेमकं उलट झालं. अमेरिकेत ती पहिल्यापासून जेट्टाच राहिली. युरोपात मात्र तिसऱ्या पिढीला व्हेंटो म्हणाले, चौथीला बोरा आणि पाचवीला पुन्हा जेट्टा. इथे गाडी एकच आहे आणि नावं तीन. त्यातलं व्हेंटो हे नाव २०१० मध्ये भारतात आलं, पण ते पोलोवर बेतलेल्या लहान सेडानला. युरोपातली व्हेंटो गोल्फ या पोलोपेक्षा मोठ्या गाडीच्या घरची होती. म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांनी एकच नाव वापरलं. २०२२ मध्ये भारतातल्या व्हेंटोची जागा व्हर्टसने घेतली. तिचा प्लॅटफॉर्म नवा होता, त्यामुळे तिथे मात्र नाव आणि गाडी दोन्ही एकदम बदलले.

वनस्पतीची बोलीतली नावं गावोगाव बदलतात, शास्त्रीय नाव एकच राहतं. गाड्यांचंही तसंच आहे. कारखान्यातली माणसं आपापसात विक्रीचं नाव फारसं वापरत नाहीत, त्यांच्याकडे पिढीचा कोड असतो. बीएमडब्ल्यू ३ सीरिज हे नाव १९७५ पासून एकच आहे, पण तिच्या पिढ्या म्हणजे ई२१, ई३०, ई३६, ई४६, ई९०, एफ३० आणि जी२०. स्पेअर पार्ट मागायला गेलात तर 'थ्री सीरिजचा दिवा द्या' एवढ्याने भागत नाही, कोड किंवा चासी नंबर सांगावाच लागतो.

कोड केव्हा बदलतो, हे पार्किंगमध्ये उभं राहूनही बरंचसं ओळखता येतं. एकाच नावाच्या दोन वेगळ्या सालच्या गाड्या शेजारी उभ्या असतील तर बंपर, दिवे आणि जाळी यांच्याकडे बघूच नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि दिवे व जाळी नुसत्या अडकवलेल्या असतात. बॉनेट आणि पुढची मडगार्ड बोल्टवर बसतात. हे सगळं बदलणं त्या मानाने स्वस्त असतं, आणि त्यालाच फेसलिफ्ट म्हणतात. त्याऐवजी पुढची काच, छताची रेषा आणि दरवाज्यांची कड बघा. छत, ते पेलणारे खांब म्हणजे पिलर, आणि दरवाज्यांच्या चौकटी मिळून गाडीचा पिंजरा बनतो. गाडीच्या बाजूचा बाहेरचा पत्रा, म्हणजे पुढच्या पिलरपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंतचा भाग, बहुतेकदा एकाच तुकड्यात दाबून काढतात. त्यासाठी पोलादी डायचे, म्हणजे साच्यांचे, प्रचंड संच लागतात. ते घडवायला महिने लागतात आणि पैसा अफाट लागतो. म्हणून दरवाजे आणि काच जशीच्या तशी असेल तर जाहिरातीत 'ऑल न्यू' कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी ती नवी गाडी नव्हे. या शब्दाचा इतका सैल वापर होतो याची मला खरोखर चीड येते.

डाय आणि नाव यांच्या वाटा किती लांब जाऊ शकतात, याचं उदाहरण ॲम्बॅसडरचं. तिचं मूळ म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये ऑक्सफर्ड हे नाव पूर्णपणे वेगळ्या आकाराच्या गाडीवर गेलं. जुना आकार भारतात ॲम्बॅसडर या नावाने २०१४ पर्यंत निघत राहिला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नाव खपत असताना कंपन्यांना नवी नावं आणावी का लागतात? बाजाराची कारणं असतातच, पण त्यांच्या तळाशी एक भौतिक कारण आहे. गाड्या वाढतात.

१९६६ची पहिली टोयोटा कोरोला सुमारे ३.८५ मीटर लांब आणि दीड मीटरहून थोडी कमी रुंद होती. आजची कोरोला सेडान सुमारे ४.६३ मीटर लांब आणि १.७८ मीटर रुंद आहे. पहिली ३ सीरिज ४.३५५ मीटरची होती, आजची सुमारे ४.७१ मीटरची. १९७२ची पहिली ५ सीरिज ४.६२ मीटर होती, म्हणजे आजची धाकटी त्या काळच्या थोरलीपेक्षा लांब आहे. ग्राहकाला ऐसपैस जागा हवी असते, हे निम्मं उत्तर झालं. उरलेलं निम्मं शाळेतल्या गतीच्या समीकरणात आहे.

v² = 2ad. v हा वेग, d हे थांबण्यासाठी मिळालेलं अंतर आणि a हे मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळते असं धरू. हा वेग मी उगाच निवडलेला नाही, गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने १९९७ पासून समोरून धडकेच्या चाचणीत हाच वेग वापरला आणि पुढची दोन दशकं तो टिकला. सेकंदाला तो सुमारे १७.८ मीटर होतो आणि त्याचा वर्ग सुमारे ३१६. पुढचा भाग अर्धा मीटर चेपला गेला तर a = ३१६ भागिले (२ × ०.५), म्हणजे ३१६ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबात ते ३२ पट झालं. तोच भाग ०.७ मीटर चेपला गेला तर मंदन २२६ वर येतं, म्हणजे २३ पट. फक्त २० सेंटीमीटर जास्त मिळाल्यामुळे पिंजऱ्याला बसणारा झटका जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाला. हा हिशोब सरासरीचा आहे. प्रत्यक्षात मंदन सारखं नसतं, त्याची आलेखावर उंचसखल रेषा येते, आणि पट्टा व एअरबॅग प्रवाशाला स्वतःचं थोडं अंतर मिळवून देतात. पण दिशा हीच.

यातली मेख अशी की बॉनेटची सगळी लांबी चेपायला मिळत नाही. इंजिनाचा ओतीव गोळा चेपत नाही. तो जेवढी जागा अडवतो तेवढी थांबण्याच्या अंतरातून वजा करावी लागते. म्हणून इंजिनाच्या पुढे जागा वाढवा, मागे वाढवा किंवा ते खाली सरकेल अशी सोय करा. चेपणारा पुढचा भाग आणि मधला न चेपणारा पिंजरा, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांची. तिच्या पेटंटसाठी १९५१ मध्ये अर्ज झाला आणि १९५९ मध्ये ती मर्सिडीजच्या सेडानमध्ये पहिल्यांदा उतरली. बाजूने धडक बसली तर परिस्थिती आणखी बिकट असते, कारण दरवाजा आणि प्रवाशाची बरगडी यांच्यात काही सेंटीमीटरच असतात. तिथे दरवाज्यात आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात, पिलर जाड करावे लागतात, एअरबॅगला जागा ठेवावी लागते, आणि आतली जागा तेवढीच राखायची तर गाडी रुंद होते. रुंद झाली की वजन वाढतं. वजन वाढलं की त्याच वेगाला गतिज ऊर्जा वाढते, ब्रेक मोठे लागतात, चाकं मोठी लागतात, ती मावायला कमानी मोठ्या लागतात. हे चक्र प्रत्येक पिढीत एक फेरा मारतं.

म्हणून नाव स्थिर राहतं आणि त्याखालची गाडी फुगत जाते. शिडीवरची सगळी माणसं एकेक पायरी वर सरकावीत तसं होतं, आणि तळाची पायरी रिकामी पडते. नवी नावं बहुतेकदा तिथेच जन्माला येतात. १९९४च्या पहिल्या ऑडी ए४ची लांबी ४.४८ मीटरच्या आसपास होती. पुढे ए४ वाढली, आणि २०१३ मध्ये ए३ सेडान आली, ४.४६ मीटरची. म्हणजे जुन्या ए४ची जागा ए३ने भरली.

वाढीला कायदाही कधी आडवा येतो. जपानमध्ये लहान गाडीच्या वर्गाची हद्द ४.७ मीटर लांबी आणि १.७ मीटर रुंदी अशी होती, आणि त्यापुढे कर बराच जास्त होता. अमेरिकेला रुंद गाडी हवी होती. म्हणून १९९०च्या सुमारास टोयोटाने कॅम्रीच दुभंगली: जपानसाठी अरुंद, परदेशासाठी रुंद. ती रुंद कॅम्री जपानमध्ये विकताना तिचं नाव सेप्टर, म्हणजे राजदंड. कॅम्री हा शब्द मुकुटासाठीच्या 'कान्मुरी' या जपानी शब्दावरून आला आहे, त्यामुळे निदान राजघराणं तरी सुटलं नाही. भारतात चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत मिळाली, तेव्हा ४.१६ मीटरची मारुती स्विफ्ट डिझायर २०१२ मध्ये डिकी कापून ३.९९५ मीटरची झाली.

डिझायरच्या नावातच पुढची गंमत दिसते. नवं नाव एकदम रुजत नाही, म्हणून ते आधी जुन्या नावाच्या खोडावर कलम करतात. जीव धरला की वरचं जुनं नाव छाटून टाकतात. स्विफ्ट डिझायरची २०१७ मध्ये नुसती डिझायर झाली. टोयोटाची १९६८ची कोरोना मार्क टू पुढे मार्क टू झाली, २००४ मध्ये मार्क एक्स, आणि २०१९ मध्ये ती संपली. निसानची ब्लूबर्ड सिल्फी पुढे सिल्फी झाली. सर्वांत धीट कलम कॅम्रीचं: १९८०ची सेलिका कॅम्री मागच्या चाकांवर चालायची, आणि दोन वर्षांनी आलेली नुसती कॅम्री पुढच्या चाकांवर. दोघींमध्ये नावाखेरीज फारसं काही समान नव्हतं.

शेवरलेने हे टॉप मॉडेलच्या बाबतीत केलं. १९५३ मध्ये बेल एअर हे सगळ्यात वरचं नाव. १९५८ मध्ये तिचंच आणखी उंची रूप म्हणून इम्पाला आली आणि वर्षभरात वेगळी झाली. १९६५ मध्ये इम्पालावर कॅप्रिस चढली. वरून नवी नावं येत गेली तशी बेल एअर खाली ढकलली गेली आणि अमेरिकेतल्या शेवटच्या वर्षांत तीच त्या मोठ्या गाड्यांमधली सर्वांत साधी होती. म्हणजे नावाखालची गाडी वाढते आणि त्याच वेळी नावाचा मान उतरतो.

आकड्यांचा मार्ग यापेक्षा प्रामाणिक वाटतो. प्यूजो कंपनीच्या सेडान बघा: ४०३, ४०४, ४०५, ४०६, ४०७. पहिला अंक आकाराचा, शेवटचा पिढीचा. पण अंक ९पर्यंतच असतात, म्हणून शेवटी ८ वर थांबायचं ठरलं आणि ५०८ची दुसरी पिढीही ५०८च राहिली. आकड्यांचे अर्थही झिजतात. मर्सिडीजच्या ३०० ई मधला 'ई' इंधन इंजेक्शनसाठीच्या जर्मन शब्दाचा होता. १९९३ मध्ये तो पुढे येऊन ई क्लास झाला. बीएमडब्ल्यू ३२८ मधला २८ पूर्वी २.८ लिटरचा होता, टर्बो आल्यावर तोच आकडा दोन लिटरच्या इंजिनावर बसला.

आकडे आले की अंकशास्त्रही येतं. अल्फा रोमिओ १६४ हाँगकाँगमध्ये १६८ म्हणून विकली गेली, कारण तिथल्या भाषेत चारचा उच्चार मृत्यूसारखा आणि आठचा भरभराटीसारखा आहे. ग्राहकाची भाषा ओळखून विकण्यात गैर काही नाही. पण आठ लागल्यामुळे त्या गाडीचे ब्रेक एका इंचानेही आधी लागले नाहीत, आणि नंबर प्लेटची बेरीज करून गाडी निवडणाऱ्यांनी ती v² = 2ad मध्ये कुठे बसते ते दाखवावं. शेवरले नोव्हा स्पॅनिशमध्ये 'चालत नाही' असा अर्थ निघाल्याने आपटली, ही कथाही अशीच फिरत असते. नोव्हा मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित विकली गेली. स्पॅनिश माणसाला 'नोव्हा' आणि 'नो व्हा' हे वेगळे ऐकू येतात.

नव्या प्लॅटफॉर्मांनी हा खेळ आणखी मोकळा केला आहे. फोक्सवॅगनच्या २०१२च्या एमक्यूबी या प्लॅटफॉर्ममध्ये पुढच्या चाकाचा अक्ष आणि पेडल यांच्यातलं अंतर कायम ठेवलं, बाकी लांबी, रुंदी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) हवा तसा ताणता येतो. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि पेडल यांची सर्वांत अवघड गुंतागुंत त्याच पट्ट्यात असते, म्हणून तेवढंच गोठवलं.

हाच पट्टा टोयोटाच्या क्राउनवर बघता येतो. क्राउन हे नाव १९५५चं. २०२२ पासून ते सेडानपुरतं न राहता चार वेगवेगळ्या शरीरांना मिळालं. त्यातली क्रॉसओव्हर, म्हणजे थोडी उंच उचललेली गाडी, कॅम्रीच्या घरच्या, आडव्या इंजिनाच्या प्लॅटफॉर्मवर आहे. सेडान मात्र टोयोटाच्याच मिराई या गाडीच्या घरच्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर. दोन्हींवर मुकुटाचं एकच चिन्ह. बाजूने पाहा: क्रॉसओव्हरचं पुढचं चाक दरवाज्याच्या जवळ आहे, सेडानचं चाक पुढे सरकलेलं आहे आणि चाक व दरवाजा यांच्यात पत्र्याचा रुंद पट्टा दिसतो.