माकडहाड दुखतंय की कंबर? पुढे झुकून बघा

कंबरदुखी कुणाला समजावून सांगायला नको. वाकलं, जड उचललं की कळ येते, कधी पायातही उतरते. पण माकडहाडाचं दुखणं असलेली माणसंही ‘कंबर धरलीय’ असंच सांगतात आणि कंबरेला पट्टा बांधून बसतात. त्या हाडापर्यंत पट्टा पोचतच नाही!

माकडहाड म्हणजे कण्याचं शेवटचं टोक, 3 ते 5 छोटे मणके जुळून झालेलं. दुखरी जागा एका बोटाने दाखवता आली तर बहुधा तेच. अख्खा तळहात फिरवावा लागला तर कंबर.

खरी गफलत होते ती बसण्यात. ताठ बसलं की भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतो. मागे रेललं की तो माकडहाडाकडे सरकतो. म्हणून माकडहाड दुखत असेल तर पुढे झुकल्यावर सुटल्यासारखं वाटतं. मणक्यांमधली चकती सरकली असेल तर बहुतेकदा याच्या उलट: झुकलं की वाढतं, टेकलं की कमी. जिन्यात पाय घसरून मी पायरीच्या कडेवर आपटले तेव्हा घरच्यांनी प्रेमाने आरामखुर्चीत रेलवलं. तीन आठवडे मी तशीच पडून होते आणि दुखणं हटेना. बसताना ठणका, पण खुर्चीतून उठताना, अंग अर्धवट वर आलं की अशी सणक जायची की दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट रोवावे लागायचे. ही उठतानाची सणक माकडहाडाची खास खूण.

मधे भोक असलेली गोल उशी मला मुळीच पटत नाही. तिची मागची कड नेमकी दुखऱ्या जागी टोचू शकते. मागून कापलेली, उताराची उशी घ्या.

हाड मोडलं तरी इथे प्लास्टर घालत नाहीत. भरून यायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. तोवर शौचाला कुंथू नका, पाणी भरपूर प्या. आणि मुळात दुखणं नको असेल तर जिन्यात कठडा धरा, ओल्या फरशीवर घाई करू नका, कठीण जागी मागे रेलून तासन्‌तास बसू नका. बाळंतपणातही हे हाड दुखावतं, तेव्हा बाळंतिणीची तक्रार ‘होतंच असं’ म्हणून उडवून लावू नका.

मात्र मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर माकडहाड की कंबर हा घोळ घालत बसू नका. त्याच दिवशी, लगेच दवाखाना गाठा.