पडद्यावरचा स्कोअर मध्येच अर्धवट का दिसतो?

मैदानावरचा लाकडी धावफलक आठवून पाहा. धावा १२९ वरून १३० झाल्या की फळ्यामागचा मुलगा आधी ९ ची पाटी काढून ० अडकवतो, मग २ च्या जागी ३. या दोन पाट्यांच्या मध्ये फळ्यावर क्षणभर १२० दिसतात. नेमकं तेव्हाच ज्यानं वर पाहिलं, त्याच्या लेखी संघाच्या नऊ धावा गेल्या.

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा आता यूट्यूबवर लाइव्ह दिसतात. खालच्या पट्टीत आपोआप बदलणाऱ्या स्कोअरमागेही पाट्या बदलण्याचंच काम चालू असतं, आणि अडचणही तीच.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला २५ किंवा ३० स्थिर चित्रं. २५ धरली तर एक चित्र ४० मिलिसेकंद टिकतं. प्रत्येक चित्र कॉम्प्रेस करण्याआधी त्यावर अक्षरं रंगवली जातात. मजकूर बऱ्याचदा एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतो. स्कोअरचा प्रोग्राम ती लिहितो, प्रक्षेपणाचा प्रोग्राम ती वाचतो, आणि दोघांना एकमेकांची खबर नसते. ओबीएस हे प्रक्षेपणाचं मोफत सॉफ्टवेअर साधारण सेकंदाला एकदा फाइल बदलली का ते बघतं. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या दुसऱ्या मोफत प्रोग्राममध्ये तर ‘रीलोड’ हा पर्याय चालू केला की प्रत्येक चित्राआधी फाइल नव्यानं वाचली जाते.

खरी गोम इथे आहे. फाइल नेहमीच्या पद्धतीनं लिहायला घेतली की आधी ती रिकामी होते, मग तिच्यात अक्षरं पडतात. हा काळ अगदी थोडा. पण तीन तासांत २५ च्या हिशेबानं २,७०,००० चित्रं होतात. इतक्यांदा डोकावल्यावर कधीतरी रिकामी किंवा अर्धी फाइल हाती लागणारच. मग स्कोअर लुकलुकतो, कधी प्रक्षेपणच बंद पडतं.

उपाय मला फार देखणा वाटतो. चालू फाइलला हातच लावायचा नाही. शेजारी दुसरी फाइल पूर्ण लिहायची आणि तिला जुनीचं नाव द्यायचं. लिनक्ससारख्या प्रणालीत हे नाव बदलणं अखंड असतं: वाचणाऱ्याला जुना मजकूर पूर्ण मिळतो किंवा नवा पूर्ण, मधलं काही नाही. म्हणजे १३० चा अख्खा फळा मागे तयार ठेवायचा आणि एका झटक्यात पुढे आणायचा. दोन्ही फाइल्स एकाच ड्राइव्हवर हव्यात. नाहीतर नाव बदलण्याऐवजी नक्कल होते आणि पुन्हा तीच गत.

मराठीत लिहायचं तर आणखी एक बघावं लागतं. ‘विकेट’मधली वेलांटी फाइलमध्ये ‘व’नंतर साठवलेली असते, काढायची मात्र ‘व’च्या आधी. ही मांडणी हार्फबझसारखी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, करते. ती नसेल तर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. इंग्रजी नीट दिसलं म्हणून मराठी न तपासता लावू नये. पोरं जीव तोडून खेळतात; त्यांची नावं पडद्यावर धड दिसलीच पाहिजेत.

रंगही जपून निवडा. कॉम्प्रेस करताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, रंगाची सहसा चार ठिपक्यांत मिळून एकच. म्हणून निळ्यावरची बारीक लाल अक्षरं फिसकटतात. पांढरं अक्षर आणि काळी कडा टिकते.

आणि स्कोअर भरणारा मैदानातच बसवा. घरी यूट्यूबवर बघून आकडे टाकणाऱ्याला चित्रच काही सेकंद उशिरा मिळतं. त्यानं चौकार नोंदवेपर्यंत इकडे गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावत सुटलेला असतो.