चुली वेगळ्या की एकत्र?

सोसायटीच्या गच्चीवर भाजी लावायचा विषय निघाला की ‘कम्युनिटी गार्डन’ हा शब्द सभेत हमखास येतो आणि सगळे हात वर करतात. निम्म्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचा वाफा असतो, फ्लॅट नंबरच्या पाटीसकट. उरलेल्यांना सगळ्यांनी मिळून करायची बाग दिसत असते. लांबून दोन्ही सारख्याच. फरक उघडा पडतो तो पहिली कोथिंबीर काढायच्या दिवशी.

वाफे वाटून घेण्याची पद्धत ब्रिटनमध्ये चांगली मुरली आहे. तिथे तिला अलॉटमेंट म्हणतात. बहुतेक ठिकाणी स्थानिक कौन्सिल वार्षिक भाड्याने जमिनीचा तुकडा देते. जुन्या मापाचा पूर्ण तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा. पिकेल ते मुख्यतः घरच्या खाण्यासाठी, हे १९२२च्या कायद्यातल्या व्याख्येतच आहे. बांधाला बांध, पण चुली वेगळ्या. आणि मला वाटतं, देणंघेणं इथेच जास्त मोकळं होतं. भोपळा माझा असला, तरच तो शेजाऱ्याला देण्यात मजा.

सामायिक बागेत पाणी, माती, मेहनत, पीक सगळंच एकत्र. ती सोपी कुठे जाते? जिथे खाणारी चूल एकच असते तिथे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. भाजी खालच्याच स्वयंपाकघरात उतरायची, मग वाटणीचा प्रश्न येणार कुठे? चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत तो येतो. तिथे तोडणीचा वार ठरवावा लागतो, मंडईतल्यासारखे वाटे घालावे लागतात आणि मे महिन्यात पाणी घालायला कोण आलं होतं, याची वहीही लागते. नाहीतर मेथी पहाटे फिरायला येणाऱ्यांची!

न्यूयॉर्कने तर दोन्हींची सरमिसळच केली आहे. लिझ क्रिस्टी आणि तिच्या साथीदारांनी १९७३मध्ये मॅनहॅटनमधल्या कचऱ्याने भरलेल्या एका पडीक जागेवर बाग सुरू केली. पुढच्याच वर्षी महापालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. तिथल्या अशा कित्येक बागांत आत वाफे ज्याचे त्याचे असतात, पण फाटक ठरलेल्या वेळी कुणालाही उघडं. तेव्हा नावावर जाऊ नका. विळा कुणाच्या हातात, ते विचारा.

आमच्यासारख्यांनी काय करावं? मेथी, पालक, मुळ्याचे वाफे वाटून घ्या. या भाज्या महिना-दीड महिन्यात हाती येतात, हिशेब पटकन मिटतो. दोडका, तोंडली सामायिक ठेवा, कारण वेलाला हद्द कळत नाही. कढीपत्ता आणि गवती चहाची पानं तशीही कुणी मोजत नाही. खताचा ढीग मात्र दोन्हीकडे एकच हवा: एका घराच्या सालींचा ढीग कुजताना नीट तापण्याइतका मोठा होतच नाही.