इंटरनेट: इतिहास, उपयोग आणि पुढची दिशा

इंटरनेट म्हणजे जगभरातली हजारो स्वतंत्र नेटवर्क एकमेकांना जोडून झालेलं एक मोठं नेटवर्क. याला मालक नाही, मुख्य ऑफिस नाही, सगळ्यांनी मिळून ठरवलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल पाळले की कोणीही याला जोडला जाऊ शकतो, आणि याची खरी ताकद हीच आहे, व्हिडिओ, पेमेंट, चॅट वगैरे सगळं नंतर त्यावर उभं राहिलं.

जुन्या टेलिफोनमध्ये कॉल संपेपर्यंत अख्खी लाइन अडकून राहायची. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी आपापल्या परीने त्याला सारखाच पर्याय शोधला, तो म्हणजे माहितीचे छोटे तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून ते सुटे सुटे पाठवायचे. हेच पॅकेट. आज ३ एमबीचा फोटो पाठवला तरी त्याची साधारण २००० पॅकेटं होतात, ती वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतात, मागेपुढे पोचतात, एखादं वाटेत हरवतंसुद्धा, पण प्रत्येकावर नंबर असतो त्यामुळे समोरचा फोन ती क्रमाने लावतो आणि जे आलं नाही ते परत मागवलं जातं. मधल्या राउटरला, म्हणजे पॅकेटं पुढे पाठवणाऱ्या यंत्राला, फोटोशी काही देणंघेणं नसतं, तो फक्त पत्ता बघून पुढे ढकलतो.

या कल्पनेवर अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून आर्पानेट हे नेटवर्क उभं राहिलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला आणि दोन अक्षरं गेल्यावर सिस्टिम क्रॅश झाली, थोड्या वेळाने जमलं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने नेटवर्कवरून ईमेल पाठवला. पण वेगवेगळ्या प्रकारची नेटवर्क एकमेकांशी बोलणार कशी हा प्रश्न होताच, त्यावर व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये टीसीपी या प्रोटोकॉलची मांडणी केली आणि १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट टीसीपी/आयपीवर आलं. मधलं नेटवर्क साधं ठेवायचं आणि डोकं दोन्ही टोकांच्या कॉम्प्युटरमध्ये, हा त्यातला सगळ्यात शहाणा निर्णय म्हणायला हवा, कारण त्यामुळे नवीन काही सुरू करायला मधल्या कोणाची परवानगी लागत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा, म्हणजे इंटरनेटवर लिंकने जोडलेल्या पानांचा, प्रस्ताव मांडला तो असाच, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते तंत्र सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं नसतं तर वेब इतकं पसरलं असतं असं वाटत नाही.

उपयोग आता सगळ्यांनाच माहीत आहेत, शिक्षण, बँकिंग, बातम्या, तब्येतीचा सल्ला, घरच्यांशी व्हिडिओ कॉल. ते किती मुरलंय हे बंद पडल्यावर कळतं. जानेवारी २०२२ मध्ये टोंगा देशाजवळ समुद्रात ज्वालामुखीचा स्फोट होऊन बाहेर जाणारी एकुलती एक केबल तुटली, दुरुस्तीला पाच आठवडे लागले. खंडाखंडांमधला बहुतेक डेटा उपग्रहावरून नाही तर अशा समुद्राखालच्या फायबर केबलमधूनच जातो.

पुढचं काम बरंच मूलभूत आहे. नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला जो पत्ता लागतो त्या जुन्या आयपी पत्त्यांची संख्या साधारण ४३० कोटी, त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, मग एका पत्त्यामागे अनेक जण बसवून दिवस काढले जातायत आणि आयपीव्ही६ या कितीतरी जास्त पत्ते असलेल्या नव्या पद्धतीकडे जाणं अजून चालूच आहे. साधारण ५५० किलोमीटरवर फिरणाऱ्या उपग्रहांमुळे डोंगरात, समुद्रात नेट पोचतंय, ३६ हजार किलोमीटरवरच्या जुन्या उपग्रहांपेक्षा यात विलंब खूपच कमी. सुरक्षेचा भाग जास्त काळजीचा, कारण सुरुवातीला नेटवर्कवरचे लोक एकमेकांना ओळखायचे त्यामुळे नेटवर्कना एकमेकांपर्यंतचे रस्ते सांगणारा बीजीपी प्रोटोकॉल समोरच्यावर विश्वास ठेवूनच चालतो. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब ब्लॉक करताना चुकीचा रस्ता बाहेर जाहीर झाला आणि जगात बऱ्याच ठिकाणी यूट्यूब साधारण दोन तास बंद पडलं. आता अशा घोषणांवर डिजिटल सही तपासायची पद्धत येतेय, पण ती प्रत्येक नेटवर्कने स्वतःहून लावावी लागते, वरून हुकूम देणारं कोणी नाही.