साडी म्हणजे स्कॉटिश लोकांचा स्कर्ट!

"स्कॉटलंडचे लोक जो चुण्यांचा आखूड स्कर्ट घालतात त्याला साडी म्हणतात." हे वाचून आपल्याकडे कुणीही हसेल. पण अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कॉलेजच्या मुलांपुढे असलीच वाक्यं ठेवली होती, आणि ज्यांना खरं उत्तर माहीत होतं त्यांनाही तेच खोटं वाक्य दुसऱ्यांदा समोर आल्यावर जरा जास्त खरं वाटलं. म्हणजे "मी शिकलेला आहे, मला कोण फसवणार" याला फारसा अर्थ नाही.

हा परिणाम पहिल्यांदा दाखवला गेला १९७७ मध्ये. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा मुलांना विधानं ऐकवली, त्यातली काही दरवेळी तीच होती, आणि ती खरी असोत की खोटी, दरवेळी मुलांचा त्यांच्यावरचा विश्वास थोडा वाढतच गेला. कारण साधं आहे, आधी ऐकलेली गोष्ट मेंदूला समजून घ्यायला सोपी जाते आणि हा सोपेपणाच आपण खरेपणा समजून बसतो. आता बघा, सकाळी फॅमिली ग्रुपवर एक क्लिप येते, दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर तीच, रात्री चॅनलवर अँकर तीच दहादा फिरवून दाखवतो, आणि आपल्याला वाटतं चार जण सांगतायत म्हणजे काहीतरी असणारच, पण मुळात क्लिप एकच असते हो!

१ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कितीतरी दिवस मोबाईलवर येत होते, त्यामुळे शंका यायला वेळच लागला नाही. जमावानं पाचही जणांना मारून टाकलं. हे लिहितानाही पोटात कालवतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणायचं जाहीर केलं.

यावर उपाय अगदीच नाही असं नाही. २०२० च्या एका प्रयोगात लोकांना विधान पहिल्यांदा वाचतानाच "हे कितपत खरं आहे?" एवढंच विचारलं, तर जे त्यांना आधीपासून माहीत होतं त्याबाबतीत पुनरावृत्तीची जादू चाललीच नाही. पण जे माहीतच नाही तिथं नुसता विचार करून भागत नाही, क्लिप मुळात कुठली हे शोधावंच लागतं.

राईनपाड्याची घटना घडली त्या वर्षी, २०१८ मध्ये, देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत बाईकवरचे दोघं गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. तो होता कराचीचा, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात. मूळ व्हिडिओत ते दोघं लगेच मागं फिरतात, पोराला परत सोडतात आणि सावध करणारा फलक दाखवतात. फॉरवर्ड करताना तेवढाच भाग कुणीतरी कापला होता.