नक्षीदार तिरकं अक्षर निवडण्याआधी

पत्रिकेचे नमुने चाळताना बहुतेकांचं बोट एकाच जागी थांबतं, नवरा-नवरीच्या इंग्रजी नावावर. उजवीकडे झुकलेली अक्षरं, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, एक रेघ जाड तर पुढची केसासारखी बारीक. "हेच पाहिजे, सगळीकडे!" नावाला हेच घालू. सगळीकडे मात्र आम्ही छपाईवाले नको म्हणतो, ते का, हे इथे सांगतो.

या अक्षराला इटॅलिक सेरिफ म्हणतात. सेरिफ म्हणजे रेघेच्या टोकाचा छोटा पाय. इटॅलिक म्हणजे मात्र नुसतं कलतं केलेलं अक्षर नव्हे. छापील पुस्तकातला इंग्रजी छोटा 'ए' बघा, दोन मजली असतो. इटॅलिकमध्ये तोच हाताने काढल्यासारखा एकमजली होतो आणि छोट्या 'एफ'ची शेपटी बहुतेक वेळा ओळीखाली उतरते. मूळ हस्ताक्षराचंच आहे ना! व्हेनिसच्या आल्डुस मानुशिअसने १५०१ साली या वळणात अख्खं पुस्तक छापलं, खिळे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफोने.

मराठी मजकूरही तसाच तिरका करून द्या, असं कोणी म्हटलं की आम्ही नकार देतो. मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली गेली, म्हणजे छापील देवनागरी आपल्याला नवी नाही. पण तिची जाडी-बारीकी बोरूच्या कापातून आलेली. कॉम्प्युटरने ती ढकलली की काने कलंडतात, शिरोरेषा आडवीच राहते आणि अनुस्वार सरकून पुढच्या अक्षरावर बसू पाहतो. मराठी उभी ठेवा, जरा जाड घ्या. शेजारचं इंग्रजी नाव आपोआप उठून दिसेल.

आडनाव पूर्ण कॅपिटलमध्ये मागू नका. शेपटीवाली कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला एकेकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात. सात-आठ शेजारी आली की शेपट्या एकमेकींत अडकतात. पत्ता, मुहूर्त, फोन नंबर यांना साधं अक्षर.

बारीक रेघांची एक चूक आमचीच. मरून कार्डावर गोल्ड फॉइल, म्हणजे दाबून चिकटवलेली सोनेरी पन्नी, नाव लहान, कागद खरखरीत. रेघा जागोजागी तुटल्या, इंग्रजी छोट्या 'ई'चं पोट भरून गेलं. सगळी कार्डं पदरमोड करून पुन्हा छापली. तेव्हापासून फॉइलला नाव २४ पॉइंटच्या खाली घेत नाही, आणि कागद गुळगुळीतच सुचवतो.

दुकानाची पाटी किंवा बेदाण्याचा बॉक्स असेल तर ब्रँडचा एक शब्द या अक्षरात चालतो, वजन आणि भाव नाही. गाडीवरून जाणाऱ्याला शेपट्या दिसत नाहीत, गुंता दिसतो.

प्रूफ घरी न्या, पण ज्याला नाव आधीपासून माहीत नाही अशा कोणाला तरी वाचायला द्या. तो अडखळला तर शेपटी कमी करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. सहीनंतर बदल निघाला तर ब्लॉक, म्हणजे छापायचा ठसा, नवा करावा लागतो, तो खर्च तुमचा.